पहिल्या कळा: "अजून तोंड उघडलेलं नाही" म्हणतात तेव्हा बाईला काय होत असतं?

टेंबलाईची_लेक (धागाकर्ती)

धाकटी बहीण बाळंतपणाला माहेरी आलीय, कोल्हापुरात राजारामपुरीत. अडतिसावा आठवडा चालू आहे. परवा रात्री भांडी आवरताना तिनं विचारलं, "ताई, सुरुवातीची कळ नक्की कशी असते गं?" माझी मुलगी तीन वर्षांची झाली, तरी मला धड सांगता आलं नाही. "येईल तेव्हा कळेल तुला," म्हणाले. माझ्या आईनं मला हेच सांगितलं होतं आणि त्याचा मला काडीचा उपयोग झाला नव्हता. म्हणून हा धागा काढतेय.

आधी माझं सांगते. रात्री साडेअकराला ओटीपोट जड झालं, पाळीच्या पहिल्या दिवशी आतून ओढ लागते तसं. वाटलं, गॅस असेल. मग कमरेत मागून काहीतरी चढत आलं, दोन्ही कुशींनी फिरून पुढं आलं, आवळलं आणि हळूहळू सुटलं. ओली चादर दोघी जणी दोन टोकांना धरून पिळतात, तसं. हात लावून बघितला तर पोट दगडासारखं टणक. वीस मिनिटांनी परत. मग बारा मिनिटांनी, मग एकदम पंचवीस. मधल्या वेळात मी अगदी बरी असायचे, बोलायचे, पाणी प्यायचे. त्यामुळे घरच्यांना वाटलं, अजून काही विशेष नाही.

पहाटे चारला दवाखान्यात गेलो. "पिशवीचं तोंड एक बोटही धड उघडलेलं नाही, खोट्या कळा आहेत, घरी जा." दुपारी परत गेलो तेव्हा तपासताना ऐकायला मिळालं, "एक बोट आहे फक्त. आत्ताच ओरडतीस तर पुढं काय करशील?"

त्यानंतर मी ओरडले नाही. घरी आले आणि कळ आली की बाथरूमची कडी लावून नळ सोडायचे. आईलाही सांगायचं बंद केलं. संध्याकाळपर्यंत माझी खात्री पटली होती की मीच कमकुवत आहे, बाकीच्या बायकांना एवढ्यात इतकं दुखत नसणार. मुलगी झाली पुढच्या पहाटे साडेचारला. एकूण २९ तास. त्यातले पहिले १९ तास कुणीच हिशोबात धरले नाहीत. माझ्या केसपेपरवर कळा "सायंकाळपासून" सुरू झाल्याची नोंद आहे.

मला त्या १९ तासांबद्दल विचारायचंय. तुम्हाला सगळ्यात आधी कुठं दुखलं, कसं दुखलं, कळ नसताना कसं वाटायचं, कशानं थोडं बरं वाटलं? बारीकसारीक असलं तरी लिहा. बहिणीला वाचून दाखवणार आहे.

फुलेवाडीची

माझं पोट दुखलंच नाही, सगळं कमरेत. माकडहाडाच्या वर, हाताचा पंजा ठेवला तर झाकेल एवढी जागा. कुणीतरी आतून अंगठा रोवून धरलाय असं वाटायचं. तुझ्यासारखी मधे सुट्टी मला नव्हती. कळ उतरली तरी ठणका मागं राहायचाच. दिवसभर मी समजत होते, जिना चढउतार केल्यामुळे कंबर धरलीय.

नंतर डॉक्टरांनी सांगितलं की बाळाचं डोकं खाली होतं, पण तोंड माझ्या पाठीकडे असायला हवं ते पोटाकडे होतं. त्यामुळे त्याच्या डोक्याची मागची बाजू माझ्या कमरेच्या हाडावर दाबत होती. उताणं पडलं की जीव जायचा. पलंगाच्या कडेला ओणवं उभं राहिलं, नाहीतर रांगत्या मुलासारखं हातागुडघ्यांवर आलं की निम्मं कमी. सासूबाईंना ते बघवत नव्हतं, "नीट पड की गं" म्हणायच्या. बहिणीला सांग, ज्या स्थितीत बरं वाटेल तीच नीट.

उसाचा_मळा

मी पुरुष आहे, लिहावं का नको असा विचार करत होतो. कागल तालुका. मिसेसना रात्री दोनला सुरू झालं. मी घाबरून सारखा विचारत होतो, "आता कसं वाटतंय? आता?" कळेच्या मधोमध तिनं माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "बोलू नका, दाबा." मग कमरेला दोन्ही तळवे लावून कळ चढली की जोर आणि उतरली की ढिला, असं पहाटेपर्यंत केलं. मला वाटायचं फार जोरात दाबतोय, तिला ते कमीच वाटायचं. दुसऱ्या दिवशी माझे खांदे उचलत नव्हते.

एक लक्षात आलं. कळ चढताना तिचं बोलणं अर्ध्यावर तुटायचं. आधी कळेतही बोलत होती, मग शब्द तुटायला लागले, मग कळ यायच्या आधीच गप्प व्हायला लागली. घड्याळ बघायच्या आधी मला त्यावरून कळायचं.

शिवाजीपेठ_काकी

राग मानू नका पोरींनो, पण पहिलटकरणीला हे असलं सगळं वाचून दाखवू नये असं माझं मत आहे. भीती बसते मनात. आमच्या वेळी कुणी मिनिटं मोजत बसलं नाही. दुखायला लागलं तरी भाकऱ्या थापत होतो. केर काढला, पाणी भरलं, आणि व्हायची वेळ आली तेव्हा झालं. दुखण्याला जेवढं बघाल तेवढं ते मोठं होतं.

टेंबलाईची_लेक

काकी, राग नाही. पण मला कुणी काही सांगितलं नव्हतं आणि मी भीतीनं अर्धी झाले होते. बहीण स्वतःहून विचारतेय. तिला गप्प बसवायचं माझ्यानं होणार नाही.

पांढरा_एप्रन

गेली चौदा वर्षं मी लेबर रूममध्ये परिचारिका आहे. धागा वाचून दोन दिवस अस्वस्थ होते, कारण "एक बोट आहे, घरी जा" हे मीही शेकडो वेळा म्हटलेलं आहे.

"खोट्या कळा" या शब्दात आम्ही दोन वेगळ्या गोष्टी कोंबतो. एक म्हणजे सरावाची आकुंचनं. ब्रॅक्स्टन हिक्स या इंग्रज डॉक्टरांनी १८७२ मध्ये त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्यांचं नाव पडलं. पोट घट्ट होतं, फारसं दुखत नाही, लय नसते. पाणी प्यायलं, कूस बदलली, जरा चाललं की बहुतेक वेळा जातात. दुसरी गोष्ट म्हणजे खऱ्या प्रसूतीचा पहिला, संथ टप्पा. पुस्तकात त्याला लेटंट फेज म्हणतात, मी बायकांना "मऊ पडायचा काळ" असं सांगते. धागाकर्तीला त्या रात्री खोटं काही होत नव्हतं. तिची प्रसूती सुरू झाली होती.

या काळात काय चालतं ते बोटानं मोजून समजत नाही. आपण "पिशवीचं तोंड" म्हणतो, ती खरं तर तीनेक सेंटिमीटर लांबीची जाड मान असते. नऊ महिने ती घट्ट मिटलेली, नाकाच्या शेंड्यासारखी कडक. कळांनी ती आधी ओठासारखी मऊ होते, मागं वळलेली असते ती पुढं येते, आखडते, कागदासारखी पातळ होते. पहिलटकरणीत हे बरंचसं आधी उरकतं आणि उघडणं मागून येतं. दहा तास कळा सोसून आलेल्या बाईला आम्ही "एक बोट" सांगतो, तेव्हा दहा तासांत काही झालंच नाही असं तिला ऐकू येतं. झालेलं असतं. आम्ही सांगत नाही.

दुखणं कमरेत का, ओटीपोटात का, हेही सांगते. पिशवीचा स्नायू आवळतो तेव्हा त्याचा रक्तपुरवठा तेवढ्यापुरता कमी होतो आणि खालची मान ताणली जाते. ही जाणीव वाहणाऱ्या नसा कण्यात ज्या पातळीवर शिरतात (पाठीचा दहावा मणका ते कमरेचा पहिला), तिथंच कंबर, ओटीपोट आणि जांघेच्या कातडीच्या नसाही येतात. मेंदूला नेमकी जागा उलगडत नाही. म्हणून एकीला कमरेत, एकीला पोटात, एकीला मांडीत. बाळ खाली उतरल्यावरचं दुखणं दुसऱ्या नसांचं असतं, ते बाई बोट ठेवून दाखवू शकते. काहींना या काळात मळमळतं, पातळ शौचाला होतं, थंडी नसताना हुडहुडी भरते. तेही यातलंच.

किती वेळ चालतं? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शिकेनुसार जोराचा टप्पा ५ सेंटिमीटरपासून धरायचा, आणि त्याआधीच्या काळाला ठरावीक तास नाहीत, बाईगणिक फार फरक पडतो. तासाला एक सेंटिमीटर ही जुनी पट्टी १९५५ साली फ्रिडमन या अमेरिकी डॉक्टरांनी ५०० पहिलटकरणींच्या नोंदींवरून काढलेल्या आलेखातून आली. ती सगळ्यांना लावू नये असं आता ही संघटनाच सांगते. आई-बाळ ठीक असतील तर ५ सेंटिमीटरच्या आधी घाई करायला सलाईनमधून कळांचं औषध देऊ नये, हेही त्यात आहे. फार लवकर दाखल झालेल्या बायकांच्या वाट्याला सलाईन आणि सिझर जास्त येतात, म्हणून "घरी जा" हा सल्ला बहुतेकदा योग्यच असतो. पण "घरी जा, कळा खऱ्या आहेत, काम चालू आहे, एवढ्या वेळानं या" असं म्हणायला दहा सेकंद जास्त लागतात. ती दहा सेकंदं मी आता काढते.

घरी असाल तर मऊ भात, पेज, ताक, चहा-बिस्कीट, जे जाईल ते खा. लघवी तुंबू देऊ नका. दोन कळांमध्ये डुलकी लागली तर लागू द्या, रात्रभर फेऱ्या मारून दमू नका. कमरेवर कोमट पाणी घ्या, शेकायची पिशवी टॉवेलात गुंडाळून ठेवा. गोळी घ्यायची तर डॉक्टरांना फोन करून. कळा वाढाव्यात म्हणून एरंडेल पाजू नका, जुलाब होऊन बाई गळून जाते. आणि गावात कुणी "कळांचं इंजेक्शन" घरी द्यायला आलं तर दारातनंच परत पाठवा. त्यानं पिशवी फाटू शकते, बाळ गुदमरू शकतं.

पाणी गेलं, विशेषतः हिरवट किंवा वास येणारं, तर कळा मोजत बसू नका, निघा. चिकट लालसर स्राव जाणं नेहमीचं आहे, पण पाळीसारखं रक्त जाणं नाही. बाळाची हालचाल कमी वाटली, पोट दुखून सैलच पडेना, डोकं फार दुखून डोळ्यांपुढं चमकायला लागलं, ताप आला, ३७ आठवडे भरायच्या आधी कळा सुरू झाल्या, यातलं काहीही असलं तरी लगेच निघायचं.

निवडुंग

दोन बाळंतपणं, दोन तऱ्हा. पहिल्याला तारीख उलटली म्हणून कळा सुरू करायची गोळी ठेवली. संथ सुरुवात अशी मिळालीच नाही, दोन तासांत एकावर एक. श्वास घ्यायला जागा नाही. दुसऱ्या वेळी नेहमीच्या तपासणीला गेले आणि डॉक्टर म्हणाल्या, "चार सेंटिमीटर आहे, तुम्हाला काही जाणवलं नाही?" नव्हतं जाणवलं. थोडं पोट कडक व्हायचं एवढंच. बाई तीच, शरीर तेच.

चिखलीकरीण

माझं २०१९ च्या ऑगस्टमधलं आहे. ज्यांना तो पूर आठवतो त्यांना चिखली-आंबेवाडी म्हटलं की पुढचं सांगायला नको. पाणी चढायला लागल्यावर आम्ही सोनतळीला हललो. एका खोलीत अकरा माणसं, बाहेर म्हशी बांधलेल्या, सासरे आणि दीर राहिलेली जनावरं आणायला परत गेलेले. मला नववा महिना लागलेला.

दुपारी सुरू झालं. ओटीपोटात खालून कुणीतरी दोरी ओढतंय, सोडतंय असं. मी कुणाला बोलले नाही. सगळ्यांचा जीव गोठ्यात अडकलेला, त्यात माझं कुठं काढू? कळ आली की म्हशीजवळ जाऊन उभी राहायचे, तिच्या पाठीवर कपाळ टेकून. ऊबदार असते म्हशीची पाठ. ती हलायची नाही. पाच-सहा तास मी असे काढले. मग शेजारच्या खोलीतली एक आजी आली, माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "किती येळ झाला गं?" मी काही न बोलता रडायला लागले.

१०८ ला फोन केला. रस्ता जिथून उघडा होता तिथून फिरवून नेलं. मुलगा झाला, चांगला आहे. पण मला अजून वाटतं की दुपारीच कुणाला तरी सांगायला हवं होतं. पाणी आणखी चढलं असतं तर मी काय केलं असतं?

शिवाजीपेठ_काकी

चिखलीच्या मुलीचं वाचलं आणि रात्री झोप नाही लागली. माझं आधीचं लिहिणं राहू दे तसंच, पण थोडं पुढचं लिहिते.

मी भाकऱ्या थापत होते हे खरं. थोरला झाला १९८४ ला, माहेरी, करवीर तालुक्यातच. पण मी लिहिलं नाही ते असं, की चुलीपाशी माझ्या मागं सुईण बसलेली होती. दिवस मावळायला आली होती. कळ आली की ती माझ्या कमरेला गुडघा लावायची आणि मी परातीला धरून थांबायचे. कळ गेली की परत पीठ. आई दिवा लावून समोर. ती सुईण म्हणाली होती, "मी हितंच हाय. तुला वरडायचं तेवढं वरड, शेजारी समदी आपलीच हायत." मी ओरडलेही होते. चाळीस वर्षांत मी ते विसरून गेले आणि लक्षात फक्त भाकऱ्या राहिल्या.

रात्रभर एका मिनिटालाही मी एकटी नव्हते. बहिणीला वाचून दाखव गं. माझं हेही दाखव.

टेंबलाईची_लेक

काकी, दाखवलं. तिनं दोनदा वाचायला लावलं.

गगनबावड्याची_सून

मला आठवा संपत आलाय. आमच्याकडून कोल्हापूरला यायला दीड तास, पावसात जास्त. "पाच मिनिटांनी एक, एक मिनिटाची, तासभर" असं झालं की निघा म्हणतात. तोवर थांबले तर रस्त्यातच व्हायचं असं वाटतं. काय करू?

पांढरा_एप्रन

@गगनबावड्याची_सून, तो हिशोब दवाखाना जवळ असलेल्या पहिलटकरणीचा आहे. तुम्ही दहा-बारा मिनिटांवर नियमित यायला लागल्या की निघा. दुसरेपण असेल किंवा आधी सिझर झालं असेल तर पहिल्या नियमित कळेलाच फोन करा. जमत असेल तर तारखेच्या आठ-दहा दिवस आधी कोल्हापुरात नातेवाइकांकडे येऊन राहा, पावसाळ्यात तर नक्की. सीपीआरसारख्या सरकारी रुग्णालयात जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात प्रसूती, औषधं, सिझर लागलं तर तेही मोफत आहे, न्यायला गाडीसुद्धा. १०२ आणि १०८ दोन्ही नंबर दाराच्या मागं लिहून ठेवा.

आणि सोबत. २०१६ मध्ये केंद्राच्या आरोग्य खात्यानं सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबतीण ठेवायला मान्यता दिली. स्वतः बाळंतपण अनुभवलेली घरची बाई असावी असं त्यात आहे. कोण येणार ते आधीच ठरवा आणि तपासणीला जाल तेव्हा तिथं सांगून ठेवा.

अक्षरओळख

मी मानसशास्त्र शिकवते, मूल नाही मला, म्हणून वाचत होते फक्त. एक भर घालते. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात रोनाल्ड मेल्झॅक यांनी १९७५ मध्ये दुखणं मोजायची एक प्रश्नावली केली. ती सगळी शब्दांची आहे. ठसठस, आवळणं, जळजळ, टोचणं, असे शब्द वाचून दाखवायचे आणि माणसानं आपले निवडायचे. पुढं त्यांनी तीच प्रसूतीतल्या बायकांना दिली. पहिलटकरणींचं दुखणं सरासरीनं जास्त निघालं, आणि बाई-बाईत फरक प्रचंड: काहींचं सौम्य, काहींचं पराकोटीचं. तयारीचे वर्ग केलेल्यांचं थोडं कमी झालं, पण गेलं नाही.

या धाग्यावर पिळणं, रोवणं, दोरी ओढणं आलंय. कुणी नुसतं "लय दुखलं" लिहिलेलं नाही. तपासणाऱ्या माणसाला हे शब्द ऐकायला मिळाले तर एका बोटापेक्षा त्याला जास्त कळेल असं मला वाटतं.

टेंबलाईची_लेक

(बहीण लिहितेय, ताईच्या लॉगिनवरून.)

मुलगी झाली. आज बारावा दिवस, बारसं उरकलं, सगळे झोपलेत. काकींसाठी आणि गगनबावड्याच्या ताईंसाठी मुद्दाम लिहितेय.

माझं मांड्यांत सुरू झालं. पोट नाही, कंबर नाही. दोन्ही मांड्यांच्या पुढच्या बाजूला, आतून, पहिल्यांदा जोतिबाचा डोंगर चढून आल्यावर रात्री जसं भरून येतं तसं. रात्री १ वाजून १० मिनिटांनी उठून बसले आणि वाटलं, हे काही धाग्यावर नव्हतं, म्हणजे ते नसेल. मग आठवलं, एकीला मांडीत. ताईला उठवलं. तिनं काही विचारलं नाही, वही घेतली.

सकाळपर्यंत मांड्या, मग कमरेत सरकलं, मग पुढं आवळायला लागलं. मधे मी दोनदा झोपले, मऊ भात खाल्ला, उलटी केली. ओरडावंसं वाटलं तेव्हा ताईनं खिडकी लावली नाही. कंबर आईनं दाबली, ताईपेक्षा तिचा हात बरा. दुपारी दोनला दवाखान्यात गेलो. दोन बोटं होतं. तिथल्या सिस्टरनी विचारलं, "कधीपासून दुखतंय?" मी कळेत होते, बोलता येईना. ताईनं वही पुढं केली. त्यांनी पहिल्या पानापासून खाली बोट फिरवलं, परत वर गेल्या आणि केसपेपरवर लिहिलं, रात्री १:१०.